प्रादेशिक वाइन उद्योगाची प्रातिनिधिक संस्था नेमके काय करते?

फ्रान्समधील शॅम्पेन प्रदेशासाठी १९४१ मध्ये कायद्याने स्थापन झालेली ‘कोमिते शॅम्पेन’ ही संस्था स्वतः वाइन बनवत नाही आणि विकतही नाही. द्राक्ष बागायतदार आणि उत्पादक कंपन्या या दोन्ही बाजूंचा प्रत्येकी एक अध्यक्ष ठेवून ती त्यांच्यातील व्यवहाराची घडी बसवते. तिचा खरा अधिकार दर उन्हाळ्यात दिसतो, कारण हेक्टरी किती किलो द्राक्षांपासून शॅम्पेन करता येईल, हे तेव्हा ठरते. कोरोनामुळे मागणी घसरल्यावर, २०२० मध्ये ही मर्यादा ८,००० किलोवर आली, आणि बागायतदारांना हा निर्णय अर्थातच जड गेला. संशोधन, प्रसिद्धी ही कामे आहेतच. नावाच्या रक्षणाबाबत मात्र संस्था कमालीची हट्टी आहे: १९९३ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने एका अत्तरालाही ‘शॅम्पेन’ हे नाव वापरण्यास मनाई केली.