आनिशिनाबे (कॅनडा-अमेरिकेच्या महासरोवरांच्या भागातले मूलनिवासी) कुटुंबांत नव्याने काम करताना
जाणत्या ज्येष्ठांना, म्हणजे एल्डरना, मुलांना शिकवायला बोलवायचं असेल तर आधी तंबाखू (त्यांच्यात ती पवित्र भेट मानतात), मग विनंती. छोटा चौकोनी सुती तुकडा, मध्ये चिमूटभर सुटी तंबाखू, वर दोऱ्याची गाठ. त्यांनी ती पुडी घेतली की होकार समजा. परस्पर तारीख ठरवून ईमेल टाकणं म्हणजे कामाचा विचकाच.

सेज या पवित्र मानलेल्या सुगंधी वनस्पतीची धुरी द्यायची तर इमारतवाल्यांना आदल्या दिवशी कळवा, नाहीतर स्मोक अलार्म वाजलाच. धूर मुलांवर ढकलू नका. ज्याला हवा तो ओंजळीने अंगावर घेईल. दम्याच्या मुलाला न पेटवलेली सेज हातात द्या.

नानाबुशच्या, म्हणजे त्यांच्या लोककथांतल्या खोडकर नायकाच्या, गोष्टी बर्फ पडल्यावरच सांगतात, जुलैच्या शिबिरात नकोत. आणि पहिल्या भेटीत वही उघडू नका. कारण मुलांना घरापासून तोडणाऱ्या सरकारी निवासी शाळा, १९६० च्या दशकापासून बालकल्याण खात्याने उचलून परक्या घरांत दिलेली मुलं, घराघरांत हे कुणी विसरलेलं नाही.