चर्चची इमारत नसताना नवी मंडळी स्थापन होऊ शकते का?

हो, नक्कीच. प्रोटेस्टंट परंपरेत मंडळी म्हणजे एकत्र उपासना करणारी माणसं. इमारत पुष्कळदा वर्षानुवर्षांनी येते. "जेथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत" हे बायबलच्या मत्तय 18:20 मधलं वचन त्याच अर्थाने घेतात.

पण नुसतं एकत्र प्रार्थना करणं म्हणजे मंडळी नव्हे. बॅप्टिस्ट आणि काँग्रेगेशनल पद्धतीत, म्हणजे जिथे प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः पाहते तिथे, खरा क्षण कराराचा असतो. अमेरिकेतल्या सेलममध्ये 1629 साली हेच झालं: देवाशी आणि एकमेकांशी बांधून घेणारा अगदी छोटा करार, आणि त्यावर मंडळी उभी राहिली. आजही कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत करार मोठ्याने वाचतात, एकेक जण उठून वहीत सही करतो, आणि तोच कागद मंडळीचा जन्मदाखला ठरतो. मला तो प्रसंग कोणत्याही कोनशिला समारंभापेक्षा मोठा वाटतो.

त्यानंतर पाळक (मंडळीचे धर्मगुरू) आणि डीकन (मंडळीचे सेवक) निवडतात. प्रेस्बिटेरियन पद्धत मात्र वेगळी आहे. तिथे मंडळीची रीतसर स्थापना प्रेस्बिटरी, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांवरची सभा, करते आणि सभासद मंडळीचा कारभार पाहणाऱ्या 'वडिलां'ची (एल्डर) निवड करतात.

एक मनापासून सांगतो, पैशांचा हिशेब पहिल्या रविवारपासून दोघांच्या हाती ठेवा. छोट्या मंडळ्या शिकवणीपेक्षा हिशेबावरून लवकर फुटतात.