ताराधूळ, तारारज की ताराकणी?

गिरगावातल्या एका विज्ञानशिक्षिकेने विचारले आहे: 'मुलांना वरळीच्या नेहरू तारांगणात न्यायचे आहे, त्याआधी वर्गात एक तक्ता लावायचा आहे. "स्टारडस्ट"ला ताराधूळ म्हणावे का? आणि ती "उल्केत सापडते" हे बरोबर का?'

आधी दुसरा प्रश्न. उल्का म्हणजे आकाशात पेटत गेलेली रेघ. तिच्यातून वाचून जमिनीवर पडतो त्या दगडाला अशनी म्हणतात. संस्कृतात अशनि म्हणजे वज्र, वीज. तेव्हा 'अशनीत सापडते' असेच लिहा.

आता ताराधूळ. शब्द चुकीचा नाही, पण आपली धूळ झटकायची असते. आपण ती शत्रूला चारतो, कागद ती खात पडतात. 'रज' शब्दाचा मान मोठा, गोरज, चरणरज असा. पण त्याचे इतर अर्थ वर्गात अडचणीचे ठरतील.

त्यापेक्षा ही वस्तू काय आहे ते पाहू. 28 सप्टेंबर 1969 रोजी ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन गावी एक अशनी पडला. असा दगड तीव्र आम्लांत विरघळवला की जवळजवळ सगळा जातो, आणि आम्लाला दाद न देणारे चिमूटभर कण तळाशी उरतात. 1987 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या एडवर्ड अँडर्स यांच्या गटाने अशनींतून असे कण वेगळे केले, ते चक्क हिरे होते, काही नॅनोमीटरचे! त्याच वर्षी सिलिकॉन कार्बाइडही मिळाले. धार लावायच्या दगडात असते तेच. हे कण सूर्याच्याही आधीच्या ताऱ्यांचे मानतात, ते कशावरून? सूर्यमालेत कार्बनच्या जड प्रकाराच्या, म्हणजे कार्बन-13च्या, एका अणूमागे नेहमीच्या कार्बन-12चे सुमारे 89 अणू असतात. सिलिकॉन कार्बाइडच्या कणांत ते प्रमाण कणागणिक निराळे निघते, कारण ते ज्या त्या ताऱ्याच्या पोटात ठरलेले असते. बहुतेक सिलिकॉन कार्बाइड म्हाताऱ्या लाल ताऱ्यांनी बाहेर टाकलेल्या वायूत गोठले, थोडे सुपरनोव्हातले, म्हणजे ताऱ्याच्या महास्फोटातले. सूर्यमाला सुमारे 4.6 अब्ज वर्षांची. मर्चिसनमधल्या काही कणांचे वय 2020 मध्ये सुमारे 7 अब्ज वर्षांपर्यंत मोजले गेले.

इतके होऊनही जे टिकले त्याला धूळ म्हणायला माझी जीभ वळत नाही. मराठीत याला जन्मजात शब्द आहे: कणी. तांदळाची कणी, हिऱ्याची कणी. आणि पहिल्यांदा हाती लागले ते हिरेच, म्हणजे अक्षरशः हिरकणी! म्हणून मी 'ताराकणी' सुचवतो. हिरकणी, घोडदळ यांत पहिल्या शब्दाचा 'आ' गळतो, तसा इथे गाळू नका. 'तारकणी' म्हटले की विजेची तार आठवते. अनेकवचन ताराकण्या, विदुराघरच्या कण्यांसारखे. परीक्षेच्या उत्तरात 'सूर्यपूर्व कण' लिहावे. ताऱ्यांमधल्या मेघांत पसरलेली असते ती मात्र खुशाल धूळच म्हणा.

तक्त्यावर एवढे पुरे: 'अशनीत सूर्याहून जुन्या ताराकण्या सापडतात.'