कानाखालची गाठ आणि लाळग्रंथीचा कॅन्सर: किती आढळतो, कुणाला होतो?

भाऊ, तुम्ही अमळनेरहून विचारलंय की आईच्या कानाखाली दोन-तीन वर्षांपासून न दुखणारी गाठ आहे, तिने जन्मात मिश्री लावली नाही, मग लाळग्रंथीचा कॅन्सर कसा होईल?

धुळ्याला कान-नाक-घसा वॉर्डात नर्स होते, म्हणून सांगते. हा आजार विरळाच. वर्षाला साधारण लाखात एकाला, त्याहूनही कमीच. २०२० साली साऱ्या जगात मिळून सुमारे ५३ हजार नवे रुग्ण. आपल्या खान्देशात तंबाखू-गुटख्याने तोंडाचे कॅन्सर इतके दिसतात की मानेजवळची प्रत्येक गाठ लोक त्याच खात्यात टाकतात. हा आजार वेगळा. तंबाखूशी याचं तसं घट्ट नातं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे मिश्री नाही म्हणून निर्धास्त राहू नका. बहुतेकांत कारण सापडतच नाही. डोक्या-मानेला पूर्वी रेडिएशन मिळालेल्यांना धोका जास्त. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांतही हे दिसून आलं. रुग्ण बहुतेक पन्नाशी-साठीपुढचे, पण तरुणांना होतो, क्वचित मुलांनाही.

खरं महत्त्व गाठ कुठे आहे याला. कानापुढच्या-कानाखालच्या मोठ्या ग्रंथीतल्या दहांतल्या सात-आठ गाठी साध्या निघतात. जबड्याखालच्या ग्रंथीत जवळपास निम्म्या कॅन्सरच्या. जिभेखाली गाठ क्वचितच होते, पण झाली तर बहुधा कॅन्सरचीच. तोंडातल्या टाळूवरच्या गाठीलाही हलकं घेऊ नये.

म्हणजे आईची गाठ साधी असण्याचीच शक्यता जास्त. तरी आरशासमोर बसवून बघा: डोळा पूर्ण मिटतो का, चूळ भरताना पाणी एका कोपऱ्यातून गळतं का, तो गाल बधिर वाटतो का. यातलं काही असेल, किंवा गाठ अलीकडे भराभर वाढली, दुखायला लागली, तर उद्याच निघा. नसेल तरी दाखवाच, कारण साधी गाठही वर्षानुवर्षं तशीच ठेवली तर काहींत कॅन्सरकडे वळते.

आधी सोनोग्राफी आणि सुईची तपासणी होईल. सुईला घाबरू नका, तिने कॅन्सर पसरतो ही भीती मनातून काढा. मात्र गावात कुणी बिब्बा लावू म्हणालं किंवा चीर देऊन मोकळी करू म्हणालं तर हात लावू देऊ नका. चेहऱ्याची नस याच ग्रंथीतून जाते, आणि गाठ फुटली तर पेशी आजूबाजूला सांडतात. ऑपरेशन ठरलंच तर ही नस सांभाळून काढणाऱ्या सर्जनकडेच करा, मग त्यासाठी नाशिक-मुंबई गाठावी लागली तरी चालेल.