एच-४ वर कॅलिफोर्नियाला येतेयस, मग हे आधी वाचून घे

तुझा प्रश्न वाचला. नवरा सनीवेलला आहे, तू पुढच्या महिन्यात बँकेतली नोकरी सोडून चार वर्षांच्या मुलीला घेऊन एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या व्हिसावर, येतेयस, वाकडचा फ्लॅट दोघांच्या नावावर, आणि आई विचारतेय की उद्या काही बिनसलं तर पोरीचं आणि घराचं काय. आईवर चिडू नकोस गं, बरोबर विचारतायत त्या. मी चौदा वर्षं इथल्या सँटा क्लारा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) राहते, माझा डिव्होर्स इथेच झाला. वकील नाहीये मी, पण यातून गेलेय म्हणून सांगते.

इथे डिव्होर्स देताना चूक कोणाची हे कोर्ट विचारतच नाही, १९७० पासून. एकजण म्हणाला आमचं पटत नाही की पुरे, दुसऱ्याची संमती लागत नाही. आणि दोघांपैकी एकजण राज्यात सहा महिने, काउंटीत तीन महिने राहिलेला असला तरी चालतं, म्हणजे तू आल्या आल्याही नवरा केस टाकू शकतो. कागद हातात पडले की उत्तर द्यायला ३० दिवस. माझ्या हातात तो जाड गठ्ठा आला तेव्हा मी तो मायक्रोवेव्हवर ठेवून दिला, वाटलं राग शांत होईल, घरी बोलून मिटेल. सव्वीसाव्या दिवशी शेजारच्या काकूंच्या नजरेस पडला, त्या मला गाडीत घालून थेट कोर्टातल्या सेल्फ हेल्प सेंटरला घेऊन गेल्या. तिथे फॉर्म भरायला फुकट मदत करतात, पैसे नसतील तर फी माफीचा अर्ज असतो, दुभाषीही मागता येतो. उत्तर दिलं नसतं तर माझ्या गैरहजेरीत तो मागेल तसा निकाल लागू शकला असता. त्यामुळे इथे कोर्टाचा कागद आला की त्याच दिवशी उघडायचा, रडायचं ते नंतर रड.

प्रॉपर्टीचं म्हणशील तर लग्नानंतर जे कमावलं ते अर्धं अर्धं, नावावर कोणाच्याही असो. त्याचा पगार, ४०१के म्हणजे निवृत्तीसाठीचं खातं, लग्नानंतरच्या नोकरीतून मिळालेले आरएसयू म्हणजे कंपनीचे शेअर, सगळं, आणि कर्जसुद्धा हां. लग्नाआधीचं, वारशाने आलेलं, कोणी फक्त तुला भेट दिलेलं ते तुझंच, फक्त ते सिद्ध करता यायला हवं. वेगळे झाल्या तारखेनंतरची कमाई ज्याची त्याची, म्हणून ती तारीख कोणती यावरूनही भांडणं होतात. गोव्यातल्या लोकांना हे नवीन नाही, तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. महाराष्ट्रात तसं नाही, तिथे नाव कोणाचं आणि पैसे कोणी भरले हेच बघतात. वाकडचा फ्लॅट लग्नानंतरच्या कमाईतून घेतला असेल तर इथलं कोर्ट तोही हिशोबात धरू शकतं, पण तिथल्या नोंदणी कार्यालयाच्या किंवा सोसायटीच्या रेकॉर्डवर इथल्या जजचा हात पोचत नाही, म्हणून बहुतेक वेळा त्या बदल्यात इथलं काहीतरी दुसऱ्याला देऊन बरोबरी करतात.

पोटगीचं, मुलाच्या खर्चाला ठरलेला फॉर्म्युला आहे, दोघांचं उत्पन्न आणि मूल कोणाकडे किती वेळ राहतं यावरून आकडा निघतो. बायकोची पोटगी लग्न दहा वर्षांच्या आतलं असेल तर साधारण लग्नाच्या निम्म्या काळापुरती धरतात, त्यापुढे असेल तर कोर्ट मुदत बांधून घेत नाही. त्यासाठी एफएल-१५० नावाचा फॉर्म असतो, त्यात किराणा, फोन, लॉन्ड्री, कपडे असे रकाने. मी पेन घेऊन बसले आणि कळलं की घरभाडं नक्की किती जातं हेच मला माहीत नाही, सात वर्षं त्या घरात राहून. हे तुझ्या बाबतीत होऊ देऊ नकोस. खर्चाचे आकडे पहिल्या महिन्यापासून तुझ्याही फोनमध्ये असू देत.

आता मुलीचं, इथे नीट ऐक. ती सलग सहा महिने कॅलिफोर्नियात राहिली की तिच्या ताब्याचा निर्णय घ्यायचा अधिकार इथल्या कोर्टाचा. केस लागली की दोघांवर आपोआप बंधन येतं, दुसऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय किंवा कोर्टाच्या हुकुमाशिवाय मुलाला राज्याबाहेर न्यायचं नाही. आपल्याकडे बिनसलं की पोरीला घेऊन माहेरी जातात, इथे तसं केलं तर तो गुन्हा ठरू शकतो आणि पुढे ताबा मागताना तेच तुझ्या विरोधात जातं. एका पालकाने परदेशात नेलेलं मूल परत पाठवण्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे एकदा मूल तिकडे गेलं की परत आणणं अवघड, हे इथल्या जजना माहीत असतं, म्हणून ते आधीच सावध असतात. मारहाण होत असेल तर मात्र थांबू नकोस, ९११ हा इथला पोलिसांचा नंबर लाव, संरक्षणाचा आदेश माग. मारहाण सिद्ध झाली तर मारणाऱ्याला ताबा देऊ नये असंच कोर्ट गृहीत धरून चालतं.

आणि व्हिसा. डिव्होर्स फायनल झाला की एच-४ संपतो, नोटीस मिळाल्यापासून किमान सहा महिने फायनल होत नाही, तेवढ्यात पुढची सोय बघावी लागते. भारतातलंही ध्यानात ठेव, १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की फक्त 'पटत नाही' म्हणून एकतर्फी मिळालेला परदेशी घटस्फोट हिंदू विवाह कायद्यात बसत नाही, दोघांनी राजीखुशीने घेतला असेल तर वेगळं. म्हणजे इथे सुटलीस तरी तिकडे लग्न कायम, असं होऊ शकतं.

निघायच्या आधी मॅरेज सर्टिफिकेट, मुलीचा जन्मदाखला, फ्लॅटचा करारनामा, तुझ्या पगारातून भरलेल्या हप्त्यांची स्टेटमेंट आणि दागिन्यांची बिलं स्कॅन करून फक्त तुझ्या ईमेलमध्ये ठेव, ओरिजिनल आईच्या लॉकरमध्ये. पासवर्ड कुणाला सांगू नकोस, अगदी नवऱ्यालाही.