अपघाताचे बिल आणि अपराधाची भावना

“जीव वाचला, पण बिलाने झोप उडवली आहे.” मोटारसायकलच्या अपघातातून सावरणाऱ्या सल्लार्थींकडून, म्हणजे माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांकडून, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, त्यामागून येणारे दुसरे वाक्यही आता ओळखीचे झाले आहे : “आणि मागायचे तरी कोणाकडे? चूक माझीच होती.” पहिले वाक्य पैशांविषयी असते आणि दुसरे स्वतःविषयी. पैशांचा प्रश्न बहुधा या दुसऱ्या वाक्यापाशी अडून राहिलेला असतो, असा माझा अनुभव आहे. तो स्पष्ट व्हावा म्हणून एका सल्लार्थीची हकिगत, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे मांडत आहे.

तिशीतला हा तरुण ओल्या रस्त्यावर, वळणावर, वेगात असताना घसरला होता. दुसरे कोणतेही वाहन त्यात नव्हते. मांडीचे हाड मोडल्याने शस्त्रक्रिया करून आत सळई बसवावी लागली. साठवलेले पैसे संपले, भावाकडून उसने घेतले, तरीही रुग्णालयाची बाकी उरली. पत्नी त्याला माझ्याकडे घेऊन आली ती झोप आणि चिडचिडीच्या तक्रारीसाठी, परंतु बोलता बोलता ती म्हणाली, “मॅडम, रुग्णालयाची पाकिटे आली की हे ती न उघडताच कपाटात टाकतात.”

मी त्याला विम्याविषयी विचारले.

“गाडीचा आहे. पण तो आपल्यामुळे दुसऱ्याला लागले तर कामाचा. मी तर आपणहून पडलो.”

“आणि आरोग्य विमा?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “नोकरीतून मिळालेला आहे. पण त्यांना काय सांगणार? वेगात होतो म्हणून पडलो, असे लिहून देऊ?”

या उत्तरातील पहिला भाग बरोबर होता, आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. वाहनाचा त्रयस्थ पक्ष विमा आपल्या वाहनामुळे इतरांना झालेल्या इजेची आणि नुकसानीची भरपाई करतो. चालवणाऱ्याच्या स्वतःच्या उपचारांचा खर्च त्यातून मिळत नाही. वैयक्तिक अपघात विमा मुख्यतः मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास ठरलेली रक्कम देतो. रुग्णालयातील खर्चासाठी आरोग्य विमाच उपयोगी पडतो. या तरुणाकडे तो होता, त्याची माहितीही होती, आणि तरीही त्याने दाव्याचा अर्ज हातात घेतला नव्हता. त्याला अधिक माहिती देऊन काहीच साधणार नाही, हे मला त्याच वेळी जाणवले.

अशा वेळी घरचे लोक “इतका शिकलेला माणूस, एक अर्ज भरता येत नाही?” असे म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटते. पैशांच्या काळजीने विचारशक्ती खरोखरच आखडते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तमिळनाडूतील ऊसउत्पादक शेतकऱ्यांना कापणीआधी, म्हणजे हातात पैसा नसताना, आणि कापणीनंतर त्याच प्रकारच्या बौद्धिक चाचण्या दिल्या होत्या. तीच माणसे कापणीआधी या चाचण्यांत मागे पडली. त्यात डोक्याला मार बसलेला असेल, तर विस्मरण आणि एकाग्रतेचा अभाव यांची भर पडते. म्हणून अपघातग्रस्ताची कागदपत्रे सांभाळण्याचे काम पहिले काही आठवडे जवळच्या दुसऱ्या व्यक्तीने करावे, असे मी आवर्जून सांगते.

परंतु या तरुणाच्या बाबतीत केवळ काळजी नव्हती. पुढे काही भेटी झाल्यावर मी त्याला एक पाकीट सोबत आणायला सांगितले. ते त्याने टेबलावर उलटे ठेवले.

“यात काय लिहिले असेल, असे वाटते?”

“आकडा.”

“आणखी काही?”

“हे सगळे मी ओढवून घेतले, हे.”

मी त्याला पाकीट उघडून बिलातील प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. शस्त्रक्रियागृह, भूल, सळई, रक्ततपासण्या, क्ष-किरण, खोलीचे भाडे, औषधे... आवाज कापत होता, पण त्याने शेवटपर्यंत वाचले. मग मी विचारले, “यात तुमच्या चुकीपोटी किती रक्कम लावली आहे?”

त्याने माझ्याकडे पाहिले. नंतर खरोखरच पुन्हा पहिल्या ओळीपासून बोट फिरवत तो शोधू लागला. शेवटच्या ओळीशी बोट थांबले आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. “कुठेच नाही,” तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, “मला वाटायचे, हे सगळे मी एकट्याने भरले, तर ते फिटेल.”

या एका वाक्यासाठी आम्ही कितीतरी भेटी झटलो होतो. विमा मागणे त्याला पळवाट वाटत होती, कारण बिलाला त्याने मनोमन प्रायश्चित्त ठरवले होते. पाकीट न उघडण्याचे कारणही मला तेथेच सापडले : निकालपत्र म्हणून ज्याची धास्ती घेतली आहे, ते कोण उघडेल? आपल्याला अस्वस्थ करते ती घटना नसून त्या घटनेला आपण दिलेला अर्थ असतो, हा प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचा विचार अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात आपल्या उपचारपद्धतीच्या केंद्रस्थानी आणला. माझी सारी जडणघडण या विवेकनिष्ठ विचारसरणीत झाली आहे, आणि अशा क्षणी तिच्यावरचा माझा विश्वास अधिकच दृढ होतो.

मी त्याची चूक पुसून टाकली नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. वेग जास्त होता, हे खरेच होते. त्या चुकीची जबाबदारी घ्यायची, तर ती पुढच्या वळणावर वेग कमी करून घ्यायची. उपचारांचे पैसे देताना स्वतःला अद्दल घडवून नव्हे. विम्याची तर उभारणीच माणूस चुकतो हे गृहीत धरून झालेली असते, आणि प्रत्येकजण हप्ता भरतो तो त्यासाठीच. नशेत वाहन चालवणे, परवाना नसणे, शर्यतीत भाग घेणे अशा काही बाबी पॉलिसींमध्ये सहसा वगळलेल्या असतात, आणि त्या आपल्या पॉलिसीत वाचून घ्याव्यात. मात्र साध्या निष्काळजीपणामुळे झालेल्या दुखापतीचे उपचार आरोग्य विम्यातून सामान्यतः नाकारले जात नाहीत. “वेगात होतो” हे दाव्यात लिहायची त्याला इतकी भीती होती, पण खरे कारण लिहिणे हाच दावा टिकण्याचा भक्कम मार्ग असतो.

त्यानंतरचे काम तुलनेने सोपे होते. अपुरी राहिलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा मनात अधिक रेंगाळतात, असे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 मध्ये दाखवले होते; पुढे 2011 मधील एका अभ्यासात असे आढळले की, काम पूर्ण झाले नसले, तरी ते केव्हा आणि कसे करायचे याची नेमकी योजना आखली की मनाचे ओझे हलके होते. म्हणून रोज संध्याकाळी अर्धा तास, पत्नीसोबत, फक्त या कागदांसाठी राखायचा आणि त्याबाहेर बिलाचा विचार आला, तर तो त्या अर्ध्या तासाच्या यादीत लिहून ठेवायचा, असे ठरले. त्याने रुग्णालयाकडून तपशीलवार बिल आणि रुग्णालयातून सोडतानाचा सारांश मागवला, पावत्या व औषधांच्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावल्या आणि सर्वांच्या प्रती काढून ठेवल्या. तपशीलवार बिल नेहमी मागावे. एकच तपासणी दोनदा लावल्याचे अनेकदा त्यातच ध्यानात येते.

विमा कंपनीला कळवायला उशीर झाला होता. त्याने अंथरुणाला खिळून असल्याच्या वैद्यकीय नोंदी जोडून उशिराचे कारण लिहिले. मोठी रक्कम मंजूर झाली, काही बाबी नाकारल्या गेल्या. पूर्वीचा तो असता, तर “मला हेच मिळायला हवे” म्हणून गप्प बसला असता. या वेळी पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारले, ते त्याने लेखी मागितले. असे लेखी उत्तर हाती असले, की कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि तेथे समाधान न झाल्यास, अनेक देशांत असलेल्या विमा लोकपालासारख्या, विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या यंत्रणेकडे दाद मागणे सोपे जाते. उरलेल्या बाकीसाठी त्याने रुग्णालयाशी बोलून हप्ते ठरवून घेतले. व्याजाने कर्ज काढण्यापूर्वी हा प्रश्न रुग्णालयाला विचारावा, इतके साधे पाऊल संकोचापायी राहून जाते.

चूक समोरच्या वाहनाची असते, तेव्हा हीच अस्वस्थता वेगळे रूप घेते. प्रकरण एकदाचे संपावे म्हणून माणसे त्या वाहनाच्या विमा कंपनीच्या पूर्ण आणि अंतिम समझोत्यावर, उपचार चालू असतानाच सही करून मोकळी होतात. पुढे दुसरी शस्त्रक्रिया निघाली, तर सहसा मागायला काही उरत नाही. दुखापत कुठपर्यंत भरून येईल हे डॉक्टरांकडून समजल्याखेरीज आणि जाणकार वकिलाला दाखवल्याखेरीज अशी सही करू नये. मात्र दावा दाखल करण्याची मुदत वकिलाकडून आधीच विचारून घ्यावी. सही करण्याची घाई मनाला होत असेल, तर ती माझ्यासारख्या व्यक्तीकडे येऊन बोलावी. तसेच अपघाताची दृश्ये पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, दचकून जागे होणे, रस्त्यावर जाण्याचेच टाळणे हे महिनाभरानंतरही चालू राहिले, तर बिलाच्या काळजीवर त्याचे खापर न फोडता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

त्या तरुणाची सळई काढण्याची शस्त्रक्रिया पुढे व्हायची आहे. शेवटच्या भेटीत त्याने मला सांगितले की, या वेळी दाखल होण्याआधीच रुग्णालयाकडून खर्चाचा अंदाज लेखी घेतला आहे आणि पूर्वमंजुरीसाठी तो कंपनीकडे पाठवलाही आहे. अर्जात अपघाताचे कारण त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले होते : ओला रस्ता, वळण, वेग जास्त.