ज्यांनी कधीच खाल्लेलं नाही अशा पाहुण्यांना खान्देशी जेवण वाढावं का?

तुम्ही विचारलंय की मुलाचे बंगळुरूचे मित्र जानेवारीत चार दिवस भुसावळला येणार आहेत, त्यांना भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी वाढावी की सरळ पनीर आणि पुलाव करून मोकळं व्हावं. आणि त्यांनी तोंड वाकडं केलं तर काय, ही भीती.

वाढा. ही भीती मला चांगली माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं माहेर शिरपूरकडचं, सासर यावल तालुक्यातलं. मुलाचं लग्न केरळातल्या मुलीशी झालं. लग्नानंतर व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेही जानेवारीतच. ते कोट्टयमचे. पहिल्या रात्री मी अगदी तुमच्यासारखाच विचार केला आणि पनीरची भाजी, जिरा राइस, गुलाबजाम केले. ते जेवले, छान म्हणाले, झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंच्या आग्रहाने भरीत झालं. मी गॅसवर वांगी भाजली, स्वयंपाकघरात ठेचली, फोडणी दिली आणि ताटं वाढून बाहेर आणली. ताटात काय दिसलं असेल त्यांना? हिरवट-करड्या रंगाचा एक मऊ गोळा आणि शेजारी काळपट भाकरी. विहीणबाईंनी हळूच सुनेला विचारलं, भाकरी करपली आहे का. दोघांनी दोन-दोन घास घेतले, बाकीचं ताटात इकडून तिकडे सरकवलं. सासूबाईंचा चेहरा उतरला. मलाही रात्री झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी शेतावर भरिताची पार्टी आधीच ठरलेली होती, ती मोडता येईना. तिथे विहीणबाई चुलीजवळ येऊन बसल्या. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, जाळ झाला, त्यात हिरवी वांगी टाकली. सालं काळी पडून फुटायला लागली, रस सुटून चर्रचर्र आवाज यायला लागला. त्यांनी स्वतः हात पोळवत चार वांगी सोलली. बडगीत, म्हणजे लाकडी उखळात, आधी भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ ठेचलं, मग वांगी. मुसळी त्यांनी माझ्या हातातून मागून घेतली. कळण्याचं पीठ त्यांना दाखवलं आणि सांगितलं की ज्वारीत सालासकट अख्खे उडीद दळलेले आहेत, आमच्या घरी चाराला एक, म्हणून रंग असा. उडीद म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला, कारण इडली-डोशाच्या घरात उडीद परका नाही. केळीच्या पानावर वाढलं. त्या दोन भाकरी जेवल्या. भरीत तेच होतं, भाकरी तीच, तिखटही तेवढंच.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की पाहुणा नको म्हणतो तो बहुतेक वेळा चवीला नव्हे. ताटात जे आलंय ते काय आहे, कशाचं आहे, कसं खायचं, हे त्याला माहीत नसतं. ज्याला पदार्थ होताना दिसतो, त्याला अर्धी ओळख चुलीपाशीच झालेली असते. तुमच्या मुलाच्या मित्रांना तयार ताटावर बसवू नका. वांगी भाजायला लावा, मिरच्या ठेचायला द्या.

माझी आई अहिराणीत म्हणायची, ‘आधी खाईसन दखा!’, म्हणजे आधी खाऊन बघा. नाव, गाव नंतर. तिच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण हा रिवाज मी सोडला. कारण सांगते. एकदा आमच्याकडे पंढरपूरकडचे एक माळकरी गृहस्थ जेवायला होते. डुबुक वडे केले होते. आपल्याला माहीत आहे की बेसनाचे गोळे उकळत्या काळ्या मसाल्याच्या रश्शात सोडायचे, ते डुबुक करून बुडतात आणि शिजून वर येतात. त्यांना मात्र वाटीत लाल तर्री आणि तिच्यात गोल काहीतरी दिसलं. ते पानावरून उठले नाहीत, पण वाटीला हात लावला नाही. साधं वरण-भात जेवून गेले. ते वडे बेसनाचे आहेत हे आम्हाला सांगायचं सुचलं नाही आणि त्यांना विचारायचा संकोच वाटला. आता मी वाढता वाढताच सांगते: हे बेसन, हा शेंगदाण्याचा कूट, हा कांदा-खोबरं भाजून केलेला मसाला.

शेंगदाण्याचं तर आधीच, फोनवर विचारा. आपल्या भरितात तळलेले दाणे, रश्शात कूट, फोडणीलाही शेंगदाणा तेल. काहींना दाण्याची ॲलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते. ‘काय आवडतं’ हा प्रश्न पाहुण्याला अवघड जातो, तो ‘काहीही चालेल’ म्हणतो. ‘काय चालत नाही’ विचारलं तर खरं उत्तर मिळतं. कुणी जैन असेल तर लसूण, कांदा आणि बहुधा वांगंही नसतं. आपल्याकडेही कितीतरी घरांत चातुर्मासात वांगं बंद असतं आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच सुरू होतं. तेव्हा कुणी वांगं खात नाही म्हणाला तर आपल्यालाच ते सगळ्यात आधी समजायला हवं.

तिखटाचं काय करायचं? पदार्थ पांचट करू नका. दूध-साय घालून शेवभाजी गोडसर केली तर पाहुण्याला शेवभाजी मिळत नाही आणि आपल्यालाही जेवण होत नाही. भरीत ठेचताना मिरच्यांचा ठेचा वेगळा ठेवा आणि ज्याने त्याने मिसळून घ्यावा. रश्शावरची तर्री पळीने बाजूला काढून वाटीत ठेवा. एवढं करूनही कुणाच्या तोंडाची आग झालीच तर पाणी देऊ नका. मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, पाण्याने तो तोंडभर पसरतो. दूध, दही, तूप याने शमतो. आम्ही दह्याची वाटी आणि एक केळ ताटाजवळच ठेवतो.

शेवभाजीत एक चूक फार होते. रस्सा आणि शेव एकत्र करून पातेलंभर भाजी तयार ठेवतात. पाहुणे येईपर्यंत शेव फुगून लगदा होतो आणि मग नवख्या माणसाला वाटतं की हा पदार्थ असाच असतो. रस्सा उकळता ठेवा, जाड तिखट शेव ताटात बसल्यावर घाला. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन रस्ते धुळ्याला एकमेकांना छेदतात, त्यामुळे तिथल्या ढाब्यांवर कुठकुठल्या राज्यांचे ट्रकवाले शेवभाजी मागून खाताना मी पाहिलेत. त्यांना कुणी गोड करून देत नाही.

लोकांना चवीपेक्षा पोत जास्त खटकतो, हेही माझ्या पाहण्यातलं. वरण-बट्टीचं घ्या. मुलीच्या एका मैत्रिणीने तळलेली बट्टी बिस्किटासारखी तोडून वरणात बुडवून खाल्ली आणि ‘कोरडी आहे’ म्हणाली. बरोबरच होतं तिचं. ती हाताने कुस्करायची, वर आधी तूप, मग गरम वरण, मग कालवायची, सोबत घोटलेली वांग्याची भाजी, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. पुढच्या वेळी तिच्या शेजारी मी माझं ताट घेऊन बसले आणि काही न बोलता बट्टी चुरली. तिने बघून तसंच केलं. राजस्थानचे पाहुणे असले तर प्रश्नच नसतो, ते दाल-बाटी म्हणून हात घालतात. ओळखीचं काहीतरी सापडलं की माणूस सैल होतो. बंगळुरूच्या मुलांसाठी तुमच्याकडे असे दुवे भरपूर आहेत. ज्वारीची भाकरी उत्तर कर्नाटकात रोज होते, वांगंही तिथे आवडीचं. सांगा त्यांना.

आता आग्रहाबद्दल. हे लिहिताना जपून लिहिते, कारण आपल्याकडे आग्रह हा मान आहे. पण ओळखीच्या पदार्थाचा आग्रह वेगळा आणि अनोळखी पदार्थाचा वेगळा. दुसरा माणसाला कोंडीत पकडतो. हे मला कळलं ते स्वतः पाहुणी झाल्यावर.

आम्ही कोट्टयमला गेलो तेव्हा विहीणबाईंनी कप्पा केला होता, म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा करतात तो उकडून. सोबत कांतारी म्हणजे बारीक जहाल मिरच्या आणि छोटे कांदे ठेचून केलेली चटणी, वरून कच्चं खोबरेल. आपल्याकडे खोबरेलाचा वास म्हणजे वेणीफणीचा वास. तो ताटातून आला आणि माझा हात थांबला. समोर सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत होतं. पोटात कालवाकालव झाली ती वासाने कमी, त्या नजरांनी जास्त. वाटलं, आमच्या ओसरीवर त्या दोघांना दुसऱ्या दिवशी असंच वाटलं असेल. आपण भाकरीवर कच्चं शेंगदाणा तेल ओततो, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल?

विहीणबाईंच्या ते ध्यानात आलं असावं. त्यांनी मुलांना कामाला पिटाळलं, स्वतः माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, सुनेने भाषांतर करून सांगितलं, की तुमचं भरीत खाताना मला घरची ही चटणीच आठवली होती. मग मी एक घास घेतला. मिरची-कांद्याचा ठेचा आणि पिठूळ कंद. खरंच, ठेचा-भाकरीचीच जात. मट्टा तांदळाचा तो जाड, तांबूस भात मात्र मला पहिल्या दिवशी कच्चा वाटला, तिसऱ्या दिवशी आवडू लागला. तीन दिवस लागले. पाहुणे एकाच जेवणात आवडलं म्हणतील अशी अपेक्षा करणं चूक आहे. लहान मुलांवरच्या अभ्यासांतही हेच दिसलंय की नवी चव पुन्हा पुन्हा थोडी थोडी समोर आली की ती हळूहळू आवडू लागते. तुमच्या पाहुण्यांकडे चार दिवस आहेत, पहिल्याच रात्री सगळं ताटात घालू नका.

‘वेगळंच आहे’ असं कुणी म्हणालं तर ते बहुधा आवडलेलं नसतं. ते ऐकून घ्या, पुढे विचारू नका. खरं काय ते उत्तर ताट उचलताना दिसतं. भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने ताट पुसलेलं असलं की मी तो पदार्थ पुन्हा करते. घासभर टाकलं असेल तर त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, म्हणूनच पहिल्यांदा घासभरच वाढायचं.

पनीरची मला चीड नाही. पण पाहुण्यासमोर आपलं जेवण लपवून बाजारचं मांडणं, त्यात आपल्या अन्नाबद्दलचा जो संकोच आहे, तो मला फार लागतो. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी. ते वांगं, पांढरट रेघांचं, मोठं, बी कमी आणि गर दाट, तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर पिकतं. बंगळुरूहून आलेल्या मुलांना पनीर बंगळुरूत मिळतंच की.

मी तुमच्या जागी असते तर पहिल्या रात्री प्रवासातून आलेल्यांना खान्देशी खिचडी, वरून लसणाच्या फोडणीचं तेल, कढी, पापड आणि ताटाच्या कडेला बोटभर ठेचा एवढंच ठेवलं असतं. खिचडी कुणाला परकी वाटत नाही. दुसऱ्या दिवशी शेवभाजी, सोबत पोळी आणि भातही. तिसऱ्या दिवशी शेतावर भरीत, कळण्याची भाकरी आणि ज्याला ती जमणार नाही त्याच्यासाठी पुऱ्या. तशीही आपल्याकडे भरीत-पुरी चालतेच. कांद्याची पात आणि मुळा भरपूर. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, भाजून मधल्या वेळेला द्या, सोबत दाणे.

शेत नसेल तर गच्चीवर लोखंडी घमेल्यात जाळ करा. पऱ्हाट्या किंवा तुरीच्या काड्या कुठल्याही शेतकऱ्याकडे मिळतील, जानेवारीत कपाशी निघत आलेली असते. वांग्याला आधी थोडं तेल चोळा आणि काट्याने दोन-चार टोचे मारा, नाहीतर फुटून अंगावर उडतं. मुलं जवळ बसलेली असतील, तेवढं सांभाळा.